साठ हजारांचं एस्टिमेट आणि पंधरा वर्षांची गाडी : कोथरूडमधल्या एका घराचा हिशेब

पार्श्वभूमी

कोथरूडमधलं दोघांचं घर. गृहस्थ एकसष्ट वर्षांचे, भोसरीतल्या एका कारखान्यातून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेले. बाई शाळेत शिक्षिका, नोकरीची तीन वर्षं शिल्लक. मुलगी नोकरीला बंगळुरूत. मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, म्हणून इथेही तेच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र त्यांच्या वहीतलेच आहेत, बरेचसे पाचशेच्या घरात गोल केलेले.

गाडी जुलै २०१० ची, एमएच-१२ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक. इंजिन हजार ते दीड हजार सीसीच्या गटातलं. पंधरा वर्षांत धावली ९६ हजार किलोमीटर, म्हणजे वर्षाला सहा हजारांच्या आसपास. त्यातले सुमारे २,७०० साताऱ्याचे: वहिनींची आई तिथे एकटी राहते, महिन्यातून एक फेरी ठरलेली. उरलेले सगळे पुण्यातले. शाळा, मंडई, डॉक्टर, हडपसरची बहीण आणि कर्वे रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये काढलेला वेळ.

दादा गाडीच्या बाबतीत काटेकोर. ऑइल वेळेवर, धुणं स्वतः. फक्त बिलं कुठेच ठेवलेली नाहीत. त्याचा त्रास पुढे झाला.

अडचण काय होती

२०२५ चा मे महिना. त्या वर्षी पाऊस मेमध्येच येऊन थडकला. साताऱ्याहून परतताना खंबाटकी घाटात क्लच घसरायला लागला. एसी आधीपासूनच बंद होता, त्यामुळे काचेवर धुकं धरत होतं. पावसात एसी ही चैन नसते, समोरचं दिसायचं तर तो लागतोच. वहिनी हातात फडकं घेऊन आतून काच पुसत पुण्यापर्यंत आल्या.

नेहमीच्या गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली आणि यादी दिली. क्लच सेट मजुरीसकट साडेअकरा हजार. पुढचे शॉकअप, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड मिळून सोळा हजार. एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर एकवीस हजार. ब्रेकचं काम साडेपाच हजार. इंजिन माउंटिंग, रेडिएटरचे होज, कूलंट सहा हजार. बेरीज साठ हजार. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये याच कामांचा आकडा ९२ हजार निघाला, कारण तिथे सगळे सुटे भाग कंपनीचे आणि मजुरी वेगळी. गॅरेजवाला काही भाग नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून आणणार होता.

त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने गाडी पाहून ६० हजार सांगितले. दादांच्या डोक्यात हे दोन साठ एकमेकांवर आदळले. "साठ हजारांच्या गाडीवर साठ हजार घालायचे? लोक वेड्यात काढतील," हे त्यांचं पहिलं वाक्य.

शिवाय जुलैच्या मध्यावर नोंदणीची पंधरा वर्षं संपत होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर दिल्लीच्या बातम्या फिरायला लागल्या होत्या: १ जुलैपासून तिथे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन मिळणार नाही. ग्रुपवरच्या एकाने "आता आपल्याकडेही भंगारात" असं ठोकून दिलं. मुलीचा बंगळुरूहून फोन: "बाबा, या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. आणि तुम्ही तिच्यातून आज्जीकडे घाटातून जाता. आता तरी नवीन घ्या." (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा.)

एका शोरूमचं कोटेशन घरी आलेलंच होतं. माझ्याकडे दोघं आले ते विचारायला नव्हे, दादांच्या म्हणण्यावर शिक्का मारून घ्यायला.

आधी धुरळा खाली बसवला

दिल्लीची बंदी पुण्याला लागू नाही. दहा वर्षांपुढचं डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचं पेट्रोल हा नियम तेव्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा होता, हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आलेला. (इंधनबंदीसुद्धा पुढे काही दिवसांतच थांबवावी लागली.) महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर गाडी आरटीओत दाखवून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क मोटारीला ५,००० रुपये आहे, पूर्वी ते ६०० होतं. पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा ३,००० रुपये होता. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागणार होती, ती ७४५ अधिक जीएसटी म्हणजे ८७९ रुपये. दारांच्या खालच्या कडेला गंज धरला होता, तो काढून रंग मारायला सात हजार. असं सगळं मिळून पासिंगचा खर्च सोळा हजार. लोक पासिंगला जितकं घाबरतात तितका तो आकडा मोठा नाही.

टायर मात्र सहा वर्षांचे झाले होते. चार टायर अठरा हजार. गॅरेजच्या यादीत ते नव्हतेच, मी विचारल्यावर निघाले.

म्हणजे जुनी गाडी ठेवायची तर आत्ता घालायचे ६० नव्हे, ९४ हजार. हा आकडा ऐकून दादांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, आपला मुद्दा सिद्ध झाला.

तुलना कशाची कशाशी

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहायची सवय आपल्याकडे पक्की आहे. पण बाजारभाव एवढंच सांगतो की ती विकली तर हातात किती येतील. विकल्यानंतर साताऱ्याला कशाने जाणार, याचं उत्तर त्यात नसतं. ताडायचं ते असं: आजपासून पुढे, प्रत्येक मार्गाने, वर्षाला घरातून किती पैसे बाहेर जातील? आधी घातलेले पैसे या हिशेबात येत नाहीत. गेल्या वर्षी बदललेली बॅटरीही नाही आणि गाडीवरचा जीवही नाही.

दुसरा प्रश्न, किती वर्षांसाठी? इथे आमचा बराच वेळ गेला, आणि माझ्या मते हाच या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. ९४ हजार एका वर्षासाठी घातले तर तो शुद्ध वेडेपणा. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला एकोणीस हजारसुद्धा नाहीत. दादा म्हणत होते, "गाडी अजून किती चालेल ते कोण सांगणार?" वहिनींनी प्रश्न उलटा केला: "गाडीचं राहू दे. आपल्याला किती वर्षं लागणार आहे?" तीन वर्षांनी त्या निवृत्त होणार. त्यानंतर वर्षातले सहा महिने साताऱ्यात राहायचं, हे घरात बऱ्यापैकी ठरलेलं. तेव्हा कशी गाडी लागेल, लागेल तरी का, हे आज कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून मुदत तीन वर्षं धरली. ती गाडीच्या तब्येतीवरून नव्हे, घरातल्या माणसांच्या वेळापत्रकावरून आली.

आणि नव्या गाडीचं कर्ज होतं पाच वर्षांचं.

वही भरली

जुन्या बिलांचा पत्ता नव्हता. वहिनींनी एका संध्याकाळी यूपीआयच्या नोंदी मागे मागे जात गॅरेजवाल्याच्या नावाने चाळल्या. तीन आर्थिक वर्षांचे आकडे निघाले: १४ हजार, १९ हजार, ३१ हजार. दादांना हे "दहा-बारा हजार" वाटत होते. चढता आकडा पाहून आम्ही नेहमीच्या सर्व्हिसला १२ आणि अचानक निघणाऱ्या कामांना २० हजार, असे वर्षाला ३२ हजार धरले. मोठी कामं आत्ताच होणार असल्याने हे जरा सढळच होतं. पण जुन्या गाडीच्या हिशेबात हात आखडला की पुढे तोंडघशी पडायला होतं.

जुनी गाडी, वर्षाचा खर्च: आत्ताच्या ९४ हजारांचा तिसरा हिस्सा ३१,५००. सर्व्हिस आणि अचानकची कामं ३२,०००. विमा फक्त थर्ड पार्टी. या गटाचा ठरलेला हप्ता ३,४१६, वर जीएसटी आणि मालकाचा अपघात विमा, मिळून ५,००० च्या आसपास. पेट्रोल १०४ रुपयांनी, सरासरी १४ च्या ॲव्हरेजने ४४,५००. गाडीची किंमत तीन वर्षांत साठावरून तिसावर येईल, म्हणून १०,०००. गाडी गॅरेजमध्ये असताना रिक्षा ४,०००. एकूण १,२७,०००.

नवी गाडी: शोरूम किंमत ८,२०,०००. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर, म्हणजे ९०,२००. विमा ३८,०००, कारण नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. नोंदणी वगैरे ६,०००. ऑन-रोड ९,५४,२००. जुनी गाडी एक्स्चेंज बोनससह ७५ हजारांत जाणार, पाच लाख कर्ज, उरलेले सुमारे ३,७९,००० मुदत ठेव मोडून.

इथे आम्ही पाच वर्षं धरली आणि पाच वर्षांनी गाडी ४,२०,००० ला विकली जाईल असं मानलं. दरवर्षीची घट ९९,०००. कर्ज ९ टक्क्यांनी, हप्ता १०,३८०, त्यातलं व्याज वर्षाला सरासरी २४,५००. मोडलेल्या ठेवीचं कर वजा जाता बुडालेलं व्याज २०,०००. विमा सरासरी १८,५००. पेट्रोल, १८ चं ॲव्हरेज धरून, ३४,५००. सर्व्हिस १०,०००. एकूण २,०६,५००.

पाच वर्षं धरणं ही नव्या गाडीला दिलेली सवलतच होती. तीन वर्षांनी विकायची म्हटली तर घट वर्षाला सव्वा लाखाच्या घरात जात होती, कारण किंमत सगळ्यात वेगाने पहिल्या वर्षांतच पडते. विमा कंपन्यांच्या तक्त्यात सहा महिन्यांपुढच्या गाडीची किंमत १५ टक्क्यांनी आणि वर्ष उलटलं की २० टक्क्यांनी खाली धरतात, त्याचं कारण हेच.

दादांनी ॲव्हरेजचा मुद्दा दोन-तीनदा काढला. शोरूममधल्या मुलाने तोच त्यांच्या मनात रुजवला होता. पण चौदावरून अठरावर गेल्याने वाचतात वर्षाला दहा हजार. सहा हजार किलोमीटर चालणाऱ्या घरात पेट्रोलच्या बचतीवर गाडीचा एकच हप्ता फिटतो. रोज हिंजवडीला जाणारा असता, वर्षाला अठरा-वीस हजार किलोमीटर पडत असते, तर वही वेगळं बोलली असती. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचं ॲव्हरेज थोडं घसरतं, रबरी होज आणि सील लवकर जाऊ शकतात. म्हणून होज बदलतानाच फ्युएल लाइनचे पाइपही बघायला सांगितलं.

विजेवरच्या गाडीचा विचार पाच मिनिटांत संपला. सोसायटी जुनी, पार्किंग उघडं, चार्जिंगची सोय नाही, आणि इतक्या कमी चालण्यात जास्तीची किंमत वसूल होत नाही.

उरलेले दोन मार्ग

गाडीच नको, हा एक. वनाझ मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर, शहरात रिक्षा आणि कॅब महिन्याला चार हजार, साताऱ्याला दरवेळी भाड्याची गाडी साडेचार हजार. वर्षाला १,०२,०००. म्हणजे सगळ्यात स्वस्त! मी आकडा वाचून दाखवला तेव्हा दोघंही हसले. रात्री-बेरात्री साताऱ्याहून फोन आला तर? हा प्रश्न खरा आहे. पण पुण्यात तो दारात गाडी ठेवण्याचं निमित्तही असतो, हे मी त्यांना बोललो नाही, इथे लिहितो.

दुसरा मार्ग चार वर्षं वापरलेल्या गाडीचा. २०२१ ची, एकाच मालकाची, ५,२०,००० पर्यंत. तीन वर्षांनी ३,४०,००० येतील असं धरून घट ६०,०००, ठेवीचं व्याज २४,०००, विमा १३,०००, पेट्रोल ३९,०००, सर्व्हिस १४,०००. एकूण १,५०,०००. दादांनी तो एका वाक्यात निकालात काढला: "दुसऱ्याची कटकट पैसे देऊन घरात कशाला आणायची?"

सुरक्षिततेचा रकाना

मुलीचा मुद्दा वहीत कुठे बसतच नव्हता. तो खोडूनही टाकता येत नव्हता. एबीएस नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग त्यानंतर. २०१० च्या या मॉडेलमध्ये दोन्ही नाहीत आणि नंतर बसवूनही मिळत नाहीत. वर्षाला ऐंशी हजार वाचतात म्हणून पावसाळ्यात खंबाटकीतून जायचं का, असं कुणी सरळ विचारलं तर दादांकडेही उत्तर नव्हतं.

दोन दिवस चर्चा इथेच अडली. मुलगी म्हणे नवी घ्या, दादा आता वही दाखवायला लागलेले. (माणूस गंमतीदार असतो. आठवड्यापूर्वी हेच गृहस्थ जुनीवर पैसे घालायला तयार नव्हते.) कोंडी फोडली वहिनींनी. गाडीचं काम एक नाही, दोन आहेत, असं त्या म्हणाल्या. शहरात गाडी तीस-चाळीसच्या वेगाने चालते. महामार्गाच्या फेऱ्या महिन्याला एक. मग त्या एका फेरीसाठी नवी गाडी विकत घेण्याऐवजी ती फेरीच दुसऱ्या कशाने केली तर?

पुन्हा वही. सहा फेऱ्या भाड्याच्या गाडीने २७,०००, सहा एसटीने ६,०००. (एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीच.) गाडी फक्त शहरात, बाराच्या ॲव्हरेजने पेट्रोल २८,५००. नवी बेरीज १,४४,०००. म्हणजे मुलीच्या काळजीची किंमत वर्षाला सतरा हजार निघाली. नव्या गाडीच्या तुलनेत तरीही साठ हजारांहून जास्त वाचत होते.

पण नीट पाहिलं तर आता वापरलेल्या गाडीशी फरक उरला होता फक्त सहा हजारांचा. त्या गाडीत एबीएस आणि एअरबॅग दोन्ही असत्या, आणि साताऱ्याला स्वतःच्या गाडीने जाता आलं असतं.

निर्णय आणि कृती

जुनी गाडी ठेवायची, तीन वर्षं, शहरापुरती. हप्त्याबद्दल वहिनी म्हणाल्या ते मला पटलं: "साडेदहा हजार आपण देऊ शकतो. पण मी घरी बसल्यावरही दोन वर्षं देत राहायचे, ते कशासाठी?"

पैसे घालण्याआधी गाडीची हाडं तपासली. दीड हजार रुपयांत इंजिनचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरचं पाहिलं, गाडी वर घेऊन खालची चॅसी आणि शॉकअपच्या बैठकीजवळचा गंज पाहिला. गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं की यात खोट निघाली तर साठ हजारांचं कामच करायचं नाही. कॉम्प्रेशन चांगलं निघालं, गंज वरवरचा होता. ही तपासणी यादीच्या आधी व्हायला हवी, नंतर नव्हे. एकदा क्लच खोलून ठेवला की "आता एवढं केलंच आहे तर" सुरू होतं.

थांबायचं कधी, तेही आधीच कागदावर उतरवून घेतलं. एका वेळचं काम २५ हजारांपुढे गेलं, किंवा वर्षभरातली अचानकची कामं ४० हजारांपुढे गेली, किंवा इंजिन अथवा गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर दुरुस्ती न करता आहे त्या स्थितीत विकायची. कागदावर दोघांच्या सह्या. दादांना हा पोरकटपणा वाटला. पण ९४ हजार घालून बसलेला माणूस पुढच्या पंचवीस हजारांना नाही म्हणू शकत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

पुढे काय झालं

साठाचे साडेत्रेसष्ट हजार झाले, दुसरं एक माउंटिंगही फाटलेलं निघालं. काम चोख झालं.

पासिंगला उशीर झाला. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो, म्हणजे मेच्या मध्यापासून. यांनी जून अर्धा गेल्यावर हात घातला आणि नंबरप्लेटची तारीखच तीन आठवड्यांनंतरची मिळाली. प्लेटशिवाय पुढचं काम हलेना. नोंदणी संपल्यावर गाडी नऊ दिवस पार्किंगमध्ये झाकून ठेवावी लागली. विलंबाचे पाचशे रुपये काही फार नाहीत, पण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणून काही घडलं तर विम्याचा दावा अडकतो. म्हणून वहिनींनी किल्लीच कपाटात ठेवली.

ऑगस्टमध्ये स्टार्टर मोटर गेली, साडेसहा हजार. मर्यादेच्या आत.

साताऱ्याच्या पहिल्या सहा फेऱ्यांतल्या चार एसटीने झाल्या, ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त. वनाझहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे मार्ग बदलून स्वारगेट, आणि पुढे बस. दादा आता बसमध्ये झोपतात.

मग २२ सप्टेंबर आला. छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्के होता, तो १८ वर आला. ८,२०,००० ची गाडी साडेसात लाखांच्या आसपास, त्यावरचा करही कमी, म्हणजे ऑन-रोड अठ्ठ्याहत्तर हजारांचा फरक. दसरा दहा दिवसांवर. मुलीचा फोन आलाच. आम्ही वही पुन्हा उघडली. नवीचा वर्षाचा खर्च १,९३,००० च्या जवळ आला, कारण नवी स्वस्त झाली की तिची पुढची विक्री किंमतही उतरते; सगळी कपात खिशात पडत नाही. जुनीपेक्षा अजूनही एकोणपन्नास हजारांनी महाग. निर्णय तोच राहिला.

दादा आता सगळ्यांना सांगतात की आपण थांबलो म्हणून पाऊण लाख वाचले. तसं नाही. जूनमध्ये ही कपात कुणालाच माहीत नव्हती, आणि किमती वाढल्या असत्या तरी वहीचं उत्तर बदललं नसतं. नशिबाचं श्रेय हिशेबाला दिलं की पुढच्या वेळी हिशेबाऐवजी नशिबाचीच वाट पाहिली जाते.

वेगळं काय करता आलं असतं

पासिंगचं काम क्लच घसरायच्या आधी, मेच्या मध्यालाच सुरू व्हायला हवं होतं. आरसीवरची तारीख पंधरा वर्षं तिथेच छापलेली होती.

एसीचे एकवीस हजार पावसापुरते टाळता येत नव्हते, पण दुसऱ्या एका गॅरेजकडून दर घेतला असता तर बरं. दादांनी विश्वासाच्या माणसाला विचारलं आणि तिथेच थांबले. अधिकृत केंद्राचा आकडा ही खरी तुलना नव्हती. तो मुद्दाम महाग वाटावा म्हणून आणल्यासारखा होता.

गाडी शहरापुरती ठेवायची, हे ठरलं सगळ्यात शेवटी. ते आधी सुचलं असतं तर नवीवरचा अर्धा वाद झालाच नसता, आणि शॉकअपच्या कामातही थोडी काटकसर करता आली असती.

माझं मन अजून अडतं ते वापरलेल्या गाडीवर. सहा हजारांच्या फरकात एबीएस, एअरबॅग आणि रात्रीच्या फोनचं उत्तर मिळत होतं. अनोळखी गाडीत दडलेली खोट हा धोका खराच, पण तो मोजता येतो: ओळखीच्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन आणि चॅसी तपासून, सर्व्हिसची नोंद आणि विमा दाव्यांचा इतिहास पाहून. दीड हजारांत जुन्या गाडीची केली तीच तपासणी दोन-तीन गाड्यांची करून बघता आली असती. एकही गाडी न बघता तो मार्ग बंद झाला. दादांना हे आज मान्य नाही. वहिनींना आहे. पुढच्या जूनमध्ये, विम्याच्या नूतनीकरणाआधी, वही पुन्हा उघडायची ठरली आहे, आणि त्या वेळी पहिला रकाना वापरलेल्या गाडीचा भरायचा, असं वहिनींनी सह्यांच्या त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं आहे.